गुंड नंबर दोनचा आवाज

अंधेरीत डबिंग रेकॉर्डिस्ट म्हणून काम करतो. मागच्या आठवड्यात एक जुना अमेरिकन क्राइम सिनेमा हिंदीसाठी आला (नाव सांगता येणार नाही, करार असतो) आणि कास्टिंग शीटवर एका रोलपुढे नुसतं 'गुंड २' लिहिलेलं. फाइल उघडली तर समोर हेन्री रॉलिन्स! स्टुडिओत कुणालाच तो माहीत नव्हता, याचं मला खरंच वाईट वाटलं.

हा माणूस 1981 मध्ये वॉशिंग्टनला आइस्क्रीमच्या दुकानात मॅनेजर होता, वय वीस. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडच्या न्यूयॉर्कमधल्या शोमध्ये स्टेजवर चढून गायला, पुढे ऑडिशनला बोलावलं आणि नोकरी सोडून थेट लॉस एंजेलिस. मग 1986 ला बँड फुटेपर्यंत व्हॅनमधून गावोगाव, लोक अंगावर थुंकायचे, सिगारेटचे चटके द्यायचे, तरी हा गातच राहिला. त्याच काळात सुरू केलेली स्वतःची प्रकाशनसंस्था, नुसतं बोलण्याचे तासन् तास चालणारे शो, आणि सिनेमे. 1995 च्या 'हीट'मध्ये अल पचिनो ज्याला काचेवर आदळतो ना, तो हाच. बहुतेक रोल असेच, छोटे आणि मार खाणारे. पण 2014 मध्ये 'द लेजंड ऑफ कोरा' या ॲनिमेशन मालिकेत त्याने झहीर नावाच्या खलनायकाला आवाज दिलाय तो ऐका, राणीला मारतानासुद्धा आवाज चढत नाही.

आता आमच्या कामातली गोष्ट. परदेशातून जो एम अँड ई (म्युझिक अँड इफेक्ट्स, म्हणजे संवाद काढलेला) ट्रॅक येतो त्यात म्युझिक असतं, दार आपटलेलं असतं, पावलं असतात, पण माणसाचा श्वास नसतो. संवाद काढले की तोही जातो. म्हणजे धापा, कण्हणं, आवंढा गिळणं, सगळं इथे बूथमध्ये पुन्हा करावं लागतं. आणि रॉलिन्सचा तर निम्मा अभिनय श्वासातच आहे, वाक्याआधी तो हवा नाकाने सावकाश आत घेतो, थांबतो, मग अगदी खालच्या पट्टीत बोलतो. वर्षानुवर्षं ओरडून गायलेल्या माणसाला हवा कुठे धरायची ते पक्कं कळतं, असं मला वाटतं.

गुंडासाठी क्राउडला, म्हणजे गर्दीचे आवाज द्यायला, येणारा एक पोरगा दिला होता, एकांकिकांमधून आलेला. पहिल्या टेकनंतर म्हणाला, "दादा, ओरडू का?" म्हटलं, "नको रे, पोटात ठेव. आधी त्याचा श्वास ऐक." त्याला हेडफोनवर फक्त ओरिजिनल ऐकवलं. मग त्याने स्वतःहून स्क्रिप्टचा कागद खाली जमिनीवर ठेवला, का तर खळखळ नको, ओळ पाठ केली, माइकपासून वीतभर आला आणि तोंड जरासं तिरकं केलं म्हणजे प-ब-म चा फटका माइकवर बसू नये. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं! ओठ जुळले, श्वास जुळला, नंतर ओढूनताणून बसवावं लागलंच नाही काही. इतका चांगला टेक क्राउडच्या मुलाकडून क्वचित मिळतो.

दुसऱ्या दिवशी क्लायंटच्या क्यूसीची (काम तपासणाऱ्यांची) नोट: एनर्जी कमी, आवाज भारदस्त हवा. आपल्याकडे दंड जाड आणि अंगावर टॅटू दिसले की आवाज घोगराच पाहिजे हे जणू ठरूनच गेलंय, ओरिजिनल ऐकायची तसदी कोण घेणार. डबिंग डायरेक्टर अनुभवी माणूस, त्यांना टेक आवडलाही होता, पण डिलिव्हरी तोंडावर आल्यावर ते क्लायंटशी भांडत नाहीत आणि ते मला पटत नाही. नेहमीचा व्हिलनवाला आवाज बोलावला, पंधरा मिनिटांत सगळं गुरगुरून झालं. श्वास? एकही नाही, सरळ वाक्यावर वाक्य. पोराला क्राउडचे ठरलेले पैसे मिळाले आणि रोल गेला.

लोक म्हणतील दोन-चार वाक्यांचा रोल, कोणाला कळतंय. अहो कळतं, नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही इतकंच. हीरोच्या आवाजासाठी आठवडाभर ऑडिशन चालते आणि ज्या माणसाला बघून हीरोचं काय होणार अशी भीती वाटायला हवी त्याला आम्ही कुणाच्याही गळ्यात बांधतो.

काल क्यूसीला मेल टाकलाय, दोन्ही टेक ओरिजिनलच्या टाइमकोडसकट जोडून. उत्तर नाही अजून. हा सिनेमा आता बदलणार नाही हे माहितीये, पण पुढच्या लॉटच्या कास्टिंगआधी हे बोलणं झालंच पाहिजे, आणि त्या मीटिंगला मी त्या पोराला बरोबर घेऊन जाणार आहे.