चिठ्ठीआधी मायक्रोमीटर

बडोद्यातल्या मराठी घरात मुलगा आयटीआय किंवा डिप्लोमा करून बाहेर पडला की ओळखीतल्या एखाद्या निवृत्त काकांकडे निरोप जातोच: 'याला कुठंतरी चिकटवा हो.' काका मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) जुन्या ओळखीच्या शेठना फोन करतात आणि मुलगा जाऊन उभा राहतो. तिथं त्याच्या हातात एक जॉब (मशीनवर घडवलेला भाग) आणि मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) देतात. पुढं काय होणार ते पहिल्या दहा मिनिटांत ठरतं, आणि तिथं काकांची ओळख उपयोगी पडत नाही. म्हणून दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबागेतल्या ज्या मंडळींनी आयुष्य मशीन शॉपमध्ये काढलंय, त्यांना आग्रहानं सांगायचंय: फोन जरूर करा, पण त्याआधी चार रविवार त्या मुलाला द्या.

सुरुवात मोजण्यापासून करा. साध्या मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) ०.५ मिमी असतो आणि थिंबलवर, म्हणजे फिरणाऱ्या नळीवर, ५० भाग, म्हणून एक भाग ०.०१ मिमीचा. मुलांना हे पाठ असतं, तरी वाचताना चूक होते. स्लीव्हवरची (स्थिर नळीवरची) अर्ध्या मिलिमीटरची रेघ थिंबलच्या कडेशी जेमतेम दिसते, ती नजरेतून सुटते आणि ७.७८ च्या जागी ७.२८ लिहिलं जातं. अर्ध्या मिलिमीटरची ही चूक टाळायला एकच सवय लावा: आधी व्हर्नियरनं (सरकत्या कॅलिपरनं) ढोबळ माप घ्यायचं, मग मायक्रोमीटर लावायचा, आणि दोन्ही जुळले तरच आकडा कागदावर. रॅचेट (ठरावीक दाबाला घसरणारी टोकाची मूठ) सोडून थिंबलच आवळला तर माप कमी येतं. जॉबवर बर (कापताना कडेला उरलेला धारदार धातू) राहिली असेल तर जास्त येतं. मोजण्याआधी शून्य तपासलं नसेल, तर दिवसभराचे सगळे आकडे सारख्याच फरकानं चुकतात. २० मिमीचा गोल बार द्या, तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात फिरवून अशी सहा मापं लिहायला लावा. बार कुठं निमुळता आहे, कुठं लंबगोल, हे त्यानं स्वतः सांगितलं पाहिजे.

नंतर ड्रॉइंग. वीस मिमीच्या भोकावर एच७ (मापात किती फरक चालेल याची खूण) लिहिलं असेल, तर ते २०.००० ते २०.०२१ च्या मध्ये हवं. ०.०२ मिमीचा व्हर्नियर घेऊन ते तपासायला जाणारा मुलगा हुशार असला तरी नापास, कारण त्या मापाला प्लग गेज किंवा बोअर गेज लागतो. आणखी एक गोष्ट कॉलेजात घाईनं उरकली जाते: आपल्याकडचं ड्रॉइंग सहसा फर्स्ट अँगलमध्ये असतं, तर अमेरिकन गिऱ्हाइकाचं थर्ड अँगलमध्ये; या दोन पद्धतींत वस्तूची बाजूची दृश्यं उलट बाजूंना काढतात. टायटल ब्लॉकजवळची कापलेल्या शंकूची खूण न पाहता काम सुरू केलं, की भोक उलट्या बाजूला पडतं आणि महागडं कास्टिंग (ओतीव भाग) भंगारात जातं.

फिटरच्या परीक्षेत टॅपिंग (भोकात आटे पाडणं) हमखास विचारतात. एम१० चा, म्हणजे १० मिमी आट्यांचा, टॅप, पिच १.५, म्हणून ड्रिल ८.५. एम८ ला पिच १.२५, तिथं ६.८. आठच्या भोकात एम१० घातला तर टॅप मोडणारच. स्टीलमध्ये तेल घालायचं, जरा पुढं गेलं की अर्धा फेरा मागं घ्यायचा म्हणजे चिप तुटते. बंद भोक आट्यांपेक्षा खोल ड्रिल करायचं, नाहीतर टॅप तळाला टेकतो आणि मुलगा जोर लावत राहतो. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर बसणाऱ्याला ऑफसेटची (मशीनला दिलेल्या माप-दुरुस्तीची) दिशा पक्की हवी. बाहेरचा व्यास ०.०४ जास्त येत असेल तर एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.०४. चिन्ह चुकलं तर पुढचा पीस ०.०८ नं जाड येतो.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली आणि त्रिभुवनदास गज्जर तिचे पहिले प्राचार्य झाले. कारागिरी लोकांच्या भाषेत आणि हातानं करूनच शिकवायची, हा त्यामागचा विचार होता. आजही मुलाला घरी मराठी, वर्गात गुजराती आणि ड्रॉइंगवर इंग्रजी वाचावं लागतं. त्याला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) मराठीतून समजावून देणारं माणूस शेजारीच राहत असेल, तर त्यानं गप्प बसू नये.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण तिथंच महिने वाया जातात. गुजरातच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं आणि वडिलांच्या नावाला 'भाई' लागतं. आधारवर मात्र ते बऱ्याचदा नसतं. अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदणी करण्याआधी नाव, जन्मतारीख आणि बँक खातं आधारशी जुळवून घ्या. स्टायपेंडमधला सरकारी वाटा थेट खात्यात येतो, खातं आधारशी जोडलेलं नसेल तर तो अडकतो. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीसवाल्यांना ते ऐच्छिक आहे, आणि तिथं जागा निघाल्याचं सहसा तोंडीच कळतं. करार नोंदवलाय का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. नुसतं 'अप्रेंटिस आहेस' म्हणून राबवून घेतलं आणि करारच नसला, तर ते वर्ष धरलं जात नाही आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळत नाही. नेहमीची नोकरी असेल तर पगार कंपनी देणार की ठेकेदार, आणि पीएफ कुणाच्या नावे भरला जाणार, हे आधी कळायला हवं.

एकट्या काकांना सगळं ठाऊक नसतं. मंडळात एक सामायिक वही ठेवा: कुठल्या शॉपमध्ये कुठली मशीन, कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) फानुकचा की सीमेन्सचा, परीक्षा कशाची घेतात, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, दुसरी पाळी कधी सुटते. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मांजलपूरचा मुलगा हालोलच्या किंवा सावलीच्या कारखान्यात लागला आणि रात्री परतीचं वाहन नसलं, तर कितीही चांगली नोकरी टिकत नाही. कुणाचे खाजगी तपशील मात्र त्या वहीत नकोत.

नोकरी लागल्यावर पहिले तीन महिने आठवड्यातून एक फोन करा. 'कसं चाललंय' असं विचारलं तर 'बरं चाललंय' एवढंच ऐकू येतं. या आठवड्यात कुठल्या मशीनवर होतास, पहिला पीस कुणी तपासला, रिजेक्शन कशामुळे आलं, असं विचारा. महिनाभर नुसतं पॅकिंग करत असेल तर त्याच्या सुपरवायझरशी बोलायची वेळ आली. चुकलेला पीस लपवायचा नाही, लगेच दाखवायचा, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. एक पीस गेला तर रागावतात, अख्खा लॉट गेला तर काढून टाकतात.

आणि शेठना फोन कराल तेव्हा 'मुलगा चांगल्या घरचा आहे' यावर थांबू नका. मायक्रोमीटर नीट वाचतो, टॅपिंग येतं, थर्ड अँगलमध्ये अजून गोंधळतो, वेल्डिंग येत नाही, असं स्पष्ट सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर कारण विचारून वहीत लिहा, आणि पुढच्या रविवारी तेच शिकवायला घ्या.