स्टेपलर फ्रिजवर

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास इथे बँकॉकमध्ये लोय क्रथोंगचा सण असतो. इतकी वर्षं मी कोपऱ्यावरून तयार क्रथोंग, म्हणजे मेणबत्ती लावून पाण्यात सोडायचा तरंगता द्रोण, आणून नदीत सोडून मोकळी व्हायचे. यंदा शेजारच्या पा म्हणाल्या, "ये, शिकवते." (पा म्हणजे आईवडिलांची थोरली बहीण. वयाने मोठ्या बाईला इथे नुसतं नावाने हाक मारत नाहीत.)

केळीच्या खांबाची दोन बोटं जाड चकती हा तळ. पानं आधी उन्हात जराशी कोमेजू द्यायची, ताजं पान घडी घालताना फाटतं. पट्टी दुमडून सुळका करायचा, पुढचा त्यावर निम्मा चढवायचा, बांबूच्या काडीने टाचायचा. माझे तीन सुळके चिरले. मी गुपचूप स्टेपलर काढला, तर पांनी तो उचलून सरळ फ्रिजवर ठेवला. "माशांना पिना खायला घालतेस?"

माझी आजी पळसाची पत्रावळ चोयांनी अशीच टाचायची. तेव्हा मी शेजारी बसून नुसती बघत होते, शिकले मात्र नाही.

क्रथोंग कुणासाठी, यावर दोन मतं. कुणी म्हणतं, फ्रा मे खोंगखाची, म्हणजे आपल्या गंगामाईचीच, वर्षभर पाणी वापरलं-घाण केलं म्हणून क्षमा मागायची. कुणी म्हणतं, नम्मथा नदीकाठच्या बुद्धाच्या पाऊलखुणेला वंदन. नम्मथा म्हणजे नर्मदा, हे कळायला मला दोन मिनिटं लागली!

एके काळी पा स्वतः थर्माकोलचे क्रथोंग विकायच्या. स्वस्त, बुडत नाहीत, आणि तेव्हा तेच नवं होतं. पुढे पावाचे आले, माशांना खाऊ म्हणून. पण उरलेला पाव भिजून पाणी नासतं. आता महापालिका रातोरात सगळे गोळा करून मोजते. 2023 मध्ये 6 लाख 39 हजारांवर भरले, त्यातले 96 टक्क्यांहून जास्त पानाफुलांचे. म्हणजे केळीचं पान परत आलं, ते दटावणीने का होईना.

लेकाने मात्र फोनवर क्रथोंग रंगवला, तो प्रोजेक्टरने पाण्यावर उमटला. कचरा शून्य, मान्य. पण त्याचे हात स्वच्छ होते आणि माझ्या कुर्त्यावर केळीच्या चिकाचा न निघणारा डाग.

धक्क्यावर मी मेणबत्ती, उदबत्त्या लावल्या आणि दहा बाथचं नाणं ठेवलं. पा हसल्या. "एक बाथचं पुरे. पुढच्या वळणावर पोरं पाण्यात उभीच असतात."