नाळे

बेळगावच्या वडगावात बिऱ्हाड केलं तेव्हा सासूबाईंनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. भात करपवू नको, आणि मागाच्या आवाजावर चिडू नको.

आमच्या नि अण्णांच्या घरात एकच भिंत. पलीकडं मंगळुरी कौलांखाली चार यंत्रमाग. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जाऊन आपटतो, परत येतो. खटॅक्-खट्, खटॅक्-खट्, सकाळी सातपासून. फडताळातल्या वाट्या थरथरतात. पहिली दोन वर्षं मी त्या मागांना मनातल्या मनात रोज शिव्या घातल्या. पुढं कान मेले.

२०२० च्या मार्चात, जनता कर्फ्यूला थांबलेले माग मग थांबलेच. सूत येईना, तयार साड्या उठेनात. लग्नंच पन्नास माणसांत उरकायला लागल्यावर आहेराच्या साड्या घेणार कोण? अण्णांच्या माळ्यावर वर्तमानपत्रात बांधलेल्या साड्यांची थप्पी कौलाला टेकली. आणि आमच्याकडं रात्री भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. ते घड्याळ वाजतं, हेच मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं. झोप मात्र जी उडाली ती उडालीच.

परसातल्या भिंतीवरून मी विचारायची, "अण्णा, कधी चालू करणार?"

"नाळे."

नाळे म्हणजे उद्या. अण्णा घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांचा मग्ग तो आमचा माग, अंतर म्हणाल तर एवढंच. खरं हा एक शब्द ते कानडीतच ठेवायचे. मे गेला, जून गेला, नाळे काही येईना. कर्नाटकात दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवायची एक रीत ऐकिवात आहे. रात्री दार ठोठावायला आलेल्या भुतानं ते वाचायचं आणि परत जायचं. दुसऱ्या रात्री यायचं, पुन्हा तेच वाचायचं. भूत लिहायला-वाचायला शिकलेलं असतं आणि दिलेला शब्द पाळतं, असं धरून चालणाऱ्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं. जुलैत गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले, तेव्हा आपणही खडूनं लिहून बघावं असं मनात येऊन गेलं.

पंचांगानंही त्या वर्षी नाळेच म्हटलं. १७ सप्टेंबरला सर्वपित्री झाली, दुसऱ्या दिवशी घट बसायचे, तर मध्ये अधिक आश्विन येऊन बसला. नवरात्र महिनाभर पुढं गेलं. त्यातच २३ तारखेला रात्री बातमी आली, सुरेश अंगडी गेले. आपले खासदार, केंद्रात रेल्वे राज्यमंत्री, दिल्लीत उपचार चाललेले, आणि कोरोनानंच. गल्लीत कुणी फार बोललं नाही. सकाळी भाजीच्या गाड्याभोवती मात्र सगळ्यांचे मास्क हनुवटीवरून नाकावर चढले होते.

ऑक्टोबरात ऊन तापायला लागलं, येळ्ळूरच्या वाटेवर बासमतीचा वास सुटला. अशाच एका दुपारी अण्णांच्या घरातल्या अक्का परसात चरखा घेऊन कांड्या भरताना दिसल्या. डाव्या हाताच्या चिमटीत जांभळं सूत, उजव्या हातानं चाक. बोटाएवढी कांडी बघता बघता फुगते, मध्ये गुबगुबीत, टोकाला निमुळती. भरली की टोपलीत टाकायची, दुसरी लावायची. "बोटं विसरलीत बघा," अक्का म्हणाल्या. खरं मी उभी होते तेवढ्यात सूत एकदाही तुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी खटॅक्. एकच माग. चारांची सवय झालेल्या कानाला एका मागाचा आवाज लंगडा वाटतो, तरी मी चहा तसाच ठेवून ऐकत बसले. ताईचा चंदगडहून फोन आला. "मागं मागाचा आवाज येतोय की गं!" म्हणाली, आणि सासूच्या साखरेची तक्रार अर्धी सोडून तीही ऐकत राहिली.

महाराष्ट्राच्या हद्दीवरचा शिनोळीचा नाका इथून वीस किलोमीटरही नाही. खरं मार्चपासून ती आली नव्हती. आधी पास लागायचा म्हणून, नंतर पास नको झाला तरी भीतीनं. ती दसऱ्याला आली, भाच्याच्या स्कूटरवरून. त्या वर्षीचं सीमोल्लंघन आमच्या घरात तिनं एकटीनंच केलं. आपट्याची पानं हातात न देता उंबऱ्यावर ठेवली नि लांबूनच म्हणाली, "घ्या सोनं."

दसरा तरी कुठला? आमच्या कॅलेंडरात रविवारी, २५ ला. अण्णांच्या कानडी कॅलेंडरात रविवारी आयुधपूजा आणि सोमवारी दसरा. म्हणजे माग दोन दिवस झेंडू घालून गप्प. रविवारी ताईला पलीकडं नेलं. चारी मागांना हळद-कुंकू, धोट्यांनाही एकेक फूल. चौथ्यावरची धूळसुद्धा पुसलेली. अक्कांनी दोन कुंद्याच्या वाट्या भिंतीवर ठेवल्या आणि स्वतः चार पावलं मागं सरकल्या.

मंगळवारी सकाळी वाट्या थरथरल्या. मी मोजले. एक, दोन... आवाज एकमेकांत मिसळले की मोजणं अवघड जातं, खरं तीन नक्की होते. परसात गेले. अण्णा दारातच उभे होते.

"अण्णा, चौथा कधी?"

त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडून विचारलं. त्यांनी मान हलवली, काही ऐकू येत नाही म्हणून, आणि आत गेले.