उजवा इंडिकेटर

इंदूरमध्ये पोरांना गाडी शिकवणं हे माझं काम, १८ वर्षं झाली. राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर इकडची निम्मी मराठी पोरं माझ्या उजव्या हाताला बसून शिकलीयेत म्हटलं तरी चालेल (थोडं फेकतोय, पण थोडंच). आमच्या गाडीत माझ्या पायाशी पण दोन पेडल असतात, क्लच आणि ब्रेक. ते पोराच्या पेडलला जोडलेले, मी माझा ब्रेक दाबला की त्याच्या बाजूचा पण आपोआप खाली जातो. नियमाप्रमाणे कोर्स २१ दिवसांचा आणि त्यात कमीत कमी १० तास प्रत्यक्ष गाडी चालवणं, आता पूर्ण २१ दिवस कोण येतं ते या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, जाऊ द्या. पण मुद्दा असा की त्या दहा तासांत पोराला खरी भीती कधी वाटतच नाही, कारण ती वाटायच्या आत माझा पाय पडलेला असतो. पोरगा म्हणतो काका बघा कसा वेळेवर ब्रेक मारला मी, आणि मी पण म्हणतो हो रे वा.

मग लायसन्स मिळतं, डाव्या सीटवर माझ्या जागी मित्र येऊन बसतो, मोठ्यांदा गाणी लागतात. काय व्हायचं ते तेव्हा होतं आणि ते मला कोणी येऊन सांगत नाही.

ही गोष्ट २०१९च्या जुलैमधली. एका मुलाच्या आईचा फोन आला, सकाळी सकाळी. मुलगा एप्रिलमध्ये माझ्याकडे शिकून गेलेला, १९ वर्षांचा, कॉलेजवाला, हात चांगला. "दादा, तुम्ही शिकवलं होतं म्हणून तुम्हालाच विचारते, हा तीन आठवडे झाले गाडीच्या किल्लीला हात लावत नाहीये. कॉलेजला सिटी बसनी जातो. विचारलं तर म्हणतो पेट्रोल महाग झालंय. याला कधीपासून पेट्रोलची काळजी वाटायला लागली?"

असे फोन येतात मला. नव्वद टक्के वेळा पोराने कुठे तरी गाडी घासलेली असते आणि बापाने चार शब्द ऐकवलेले असतात. म्हटलं पाठवा उद्या, एक चक्कर मारून आणतो, पैसे नको.

आला. बसला. बेल्ट लावला, सीट पुढे घेतली, आरसे लावले. परत लावले. डावीकडचा आरसा तिसऱ्यांदा लावायला लागला तेव्हा मी त्याच्याकडे जरा नीट पाहिलं पण बोललो काही नाही. राजीव गांधी चौराहा, रिंग रोड, आयटी पार्क चौराहा, तिथून खंडवा रोड, सगळं व्यवस्थित, गिअर लोण्यासारखे पडत होते. मला वाटलं याला काय झालंय, हा माझ्यापेक्षा बरा चालवून राहिलाय.

तेजाजी नगर पार केलं आणि पोरगा बदलला. तेव्हा खंडवा रोड अजून सिंगलच होता, मधे डिव्हायडर नाही, आणि हिंदी लोकांचा श्रावण लागलेला (आपला लागायला पंधरा दिवस होते), त्यामुळे ओंकारेश्वरला जाणारे येणारे कावडिये कडेकडेनी चाललेले, भगवे कपडे, डीजेच्या गाड्या, वरून भुरभूर पाऊस. आमच्या पुढे एक ट्रक होता, चाळीसच्या आसपास चाललेला. हा त्याच्या मागे जाऊन तिसऱ्या गिअरला जो चिकटला तो चिकटलाच, मागे गाड्यांची रांग, हॉर्न चालू, समोर रोड चांगला लांबपर्यंत मोकळा दिसतोय. याच्या हातांकडे बघितलं तर स्टिअरिंग इतकं घट्ट धरलेलं की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

तेवढ्यात ट्रकवाल्याने उजवा इंडिकेटर दिला. आणि मी, सवयीने, म्हणालो,

"दिलाय बघ त्याने. निघ."

त्याने काय करावं, एकदम ब्रेक मारून गाडी डावीकडे कच्च्यात उतरवली आणि बंद केली. मागची सगळी रांग आम्हाला इंदुरी प्रसाद देत पुढे निघून गेली. वायपर चालूच होते. मी थांबलो, म्हटलं बोलेल आपणहून. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काका, त्या दिवशी पण मला तुमचं हेच वाक्य आठवलं होतं."

मग सगळं बाहेर आलं. तीन आठवड्यांपूर्वीचा दिवस, हाच रोड, सिमरोलच्या थोडं अलीकडे. शेजारी मित्र. पुढे रिकामा डंपर. डंपरने उजवा इंडिकेटर दिला, याला वाटलं आपल्याला साइड देतोय, याने उजवीकडे काढली, डंपरच्या मागच्या चाकापर्यंत पोचला आणि डंपर वळायलाच लागला, उजवीकडे, कारण तिथे आत गिट्टीच्या खदानीकडे जाणारा कच्चा रस्ता होता आणि त्याला खरंच वळायचं होतं. पोराने ब्रेक मारला, पायाखालचं पेडल थरथरायला लागलं, घाबरून पाय उचलला, परत मारला, दोन चाकं रोडखाली गेली, डंपरची पत्र्याची बाजू काचेच्या इतक्या जवळून गेली की मित्राने हात छातीशी घेतले. डावा आरसा गेला. बाकी गाडीवर एक ओरखडा नाही. डंपरवाल्याला कळलं पण नसेल, तो आपला खदानीत निघून गेला.

"घरी काय सांगितलं?"

"पार्किंगमध्ये कोणी तरी ठोकून गेलं म्हणून. आरसा मीच भरून दिला, पॉकेटमनीतून."

हे ऐकताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की ते वाक्य मीच शिकवलंय. आणि याला एकट्याला नाही, इतकी वर्षं हायवेच्या दिवशी प्रत्येकाला, मोठ्या तोऱ्यात, की हे बघ पुस्तकात नसतं हे, ट्रकवाल्याने उजवा दिला की तो तुला म्हणतोय निघ. आणि अगदी खोटं पण नाहीये ते, आपल्याकडे खूप ड्रायव्हर असंच देतात, भलेपणाने देतात, त्याला वरून पुढचा रोड दिसत असतो आपल्याला नाही. काही जण याच कामाला डावा देतात, म्हणजे अजून गोंधळ. पण पुस्तकात उजव्याचा अर्थ एकच, मी उजवीकडे जातोय. दिवा एक आणि अर्थ दोन, आणि कुठला धरायचा ते ठरवायचं एप्रिलमध्ये लायसन्स मिळालेल्या पोराने, सेकंदभरात. मला स्वतःला फरक कळतो हो. वळणारा ट्रक आधी स्पीड कमी करतो, ब्रेक लाइट लागतो, पुढचं चाक वाकडं व्हायला लागतं, उजव्या हाताला ढाबा नाहीतर पंप नाहीतर कच्चा रस्ता असतो. साइड देणारा त्याच स्पीडने थोडा डावीकडे दबतो, क्लीनरचा हात बाहेर येतो. पण हे मला इतक्या वर्षांनी दिसतं, मी ते पोरांना सांगितलंच नव्हतं. मी फक्त वाक्य दिलं होतं.

पुढे एक टपरी होती तिथे चहा घेतला, गरम भजी होती ती घेतली. पेडल थरथरलं ते एबीएस होतं, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जॅम होऊ न देणारी सिस्टीम, हे त्याला माहितीच नव्हतं, त्याला वाटलं ब्रेक तुटला. त्याच एप्रिलपासून सगळ्या नव्या गाड्यांत ते कंपल्सरी झालं होतं आणि आमची स्कूलची गाडी जुनी, तिच्यात नाही, त्यामुळे मी कोणाला ते दाखवलंच नव्हतं. पेडल थरथरलं तरी पाय उचलायचा नाही, दाबून धरायचा आणि स्टिअरिंग फिरवायचं, चाक जॅम होत नाही म्हणून गाडी वळते. एवढी एक ओळ.

मग भज्याच्या कागदावर हिशोब मांडला. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार, मीच चुकत होतो. ट्रक ४० ने चाललाय, तू ६०, म्हणजे फरक २० चा, सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकची लांबी दहा मीटर धर, मागे दहा सोड, पुढे दहा सोड, तुझी गाडी चार. ३४ मीटर. म्हणजे सहा सेकंद तू राँग साइडला. त्या सहा सेकंदात तू १०० मीटर पळालास, आणि समोरून ६० ने कोणी येत असेल तर तो पण १००. म्हणजे काढायच्या आधी २०० मीटर रिकामा रोड दिसला पाहिजे, तुला दिसला पाहिजे, त्याच्या इंडिकेटरला नाही. तो कागदाकडे बघतच राहिला. म्हणाला, काका त्या दिवशी मला पन्नास पण दिसत नव्हते.

मी त्याला माझं सांगितलं, जे घरी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. १९९४, काकांची जुनी अँबेसेडर, स्टिअरिंगला गिअर असलेली, मानपूरचा घाट उतरत होतो, काका मागे झोपलेले, आणि मी पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडलेली, कारण मला एका टेम्पोवाल्याने ती अक्कल शिकवली होती. दोन-तीन वळणं ब्रेकवर घेतली, मग जळका वास आला आणि पेडल नुसतं आत जायला लागलं, गाडी ऐकेना. दुसरा गिअर कसा पडला मला आजही माहीत नाही, इंजिन असं किंचाळलं की काका उठले आणि म्हणाले काय रे. मी म्हटलं काही नाही, म्हैस होती.

पोरगा हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच.

परत निघालो ते इंदूरकडे नाही, सिमरोलकडेच. मी त्याला सांगितलं मी पाय मागे घेतोय, आणि खरंच सीटखाली ओढून घेतले, त्याला दिसतील असे. खरं सांगतो, माझाच डावा पाय थरथरत होता, इतक्या वर्षांत रोडवर पेडलपासून पाय लांब ठेवायची सवयच नाही. पुढे दुधाचा टँकर आला. हा मागे राहिला, दोन गाड्यांचं अंतर सोडून, जरा उजवीकडे सरकून बघायचं, परत आत. एकदा बघितलं, समोरून बस. परत बघितलं, कावडियांची टोळी. मागून हॉर्न, मी गप्प. मग म्हणाला, "टँकरच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसतंय मला." म्हटलं बरोबर, तो तुला दिसत नसेल तर तू पण त्याला दिसत नसतोस. टँकरवाल्याने इंडिकेटर दिला. याने बघितला आणि बघितला नाही असं केलं. रोड सरळ झाला, उजव्या हाताला काही वळण नाही, ढाबा नाही, हॉर्न दिला, निघाला, आणि मोठ्यांदा मोजायला लागला, एक, दोन, तीन. सातला आत आला. मी श्वास किती वेळ धरून ठेवला होता देव जाणे.

त्या दिवसानंतर मी एक सुरू केलं. लायसन्स मिळालेल्या पोरांना दोन-तीन महिन्यांनी फोन करतो आणि सरळ विचारतो, कुठे वाचलास? कशी चाललीये गाडी विचारलं तर सगळे मस्त म्हणतात. कुठे वाचलास विचारलं की आधी गप्प होतात आणि मग बोलतात. एकीचं फूटी कोठीजवळ, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला, पुढे पाणीपुरीचा ठेला, ठेलेवाल्याने ठेला सोडून उडी मारली आणि गाडी हातभर आधी बंद पडली. दोघातिघांचं बायपासवर रात्री, ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे दिवा नाही रेडियम नाही, समोरच्या हायबीमने डोळे दिपलेले आणि एकदम भुशाची भिंत समोर. ही ट्रॉली तर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलीये की मी आता रात्रीचा एक क्लास वेगळा घेतो, फुकट, बायको ओरडते. आणि उजव्या इंडिकेटरचं वाक्य बंद केलं. ज्यांना आधी शिकवलं होतं त्यांच्यातले जेवढे नंबर होते तेवढ्यांना फोन लावले, काहींना तर वाटलं काका रिटायर होऊन राहिलेत म्हणून निरोपाचे फोन लावतायत.

हां, तर त्या दिवशीचं राहिलं. परत राजेंद्र नगरला आलो, त्याने गाडी खाली लावली, आई जिन्यात उभीच होती. त्याने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे. मग तो म्हणाला, आई, तो आरसा पार्किंगमध्ये नव्हता फुटला.

"ते मला माहिती आहे," ती म्हणाली. "पार्किंग मी झाडते रोज. काचेचा एक तुकडा नव्हता. म्हटलं बघू कधी सांगतोस."

मग मला म्हणाली, दादा वर चला, पोहे टाकलेत. मी म्हटलं भजी खाऊन आलोय, पण गेलो.