एकशे आठावा मणी

आज सकाळी आईच्या तुळशीच्या जपमाळेचा दोरा तुटला आणि मणी देवघरापासून थेट सोफ्याखाली घरंगळले. ताटलीत मोजले तेव्हा मेरुमणी सोडून १०७ भरले. उरलेला एक केरसुणीच्या काड्यांत अडकलेला सापडेपर्यंत आईने ओवायला सुई हातात घेतली नाही.

मी मात्र त्या आकड्यातच गुंतलो. १, २ चा वर्ग ४ आणि ३ चा घन २७ यांचा गुणाकार १०८ येतो. सुसम पंचकोनाचा आतला प्रत्येक कोनही १०८ अंशांचा असतो. अंकांची बेरीज ९, आणि तिने १०८ ला पूर्ण भाग जातो, म्हणून देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी नाव दिलेल्या ‘हर्षद’ संख्यांत तिची गणना होते. मुक्तिकोपनिषदातील यादीत उपनिषदे १०८ आहेत, आणि जपानमधील बौद्ध मंदिरांत वर्षअखेरीच्या रात्री घंटेचे टोलही तितकेच पडतात.

सूर्य आपल्या व्यासाच्या बरोबर १०८ पट दूर आहे, हा व्हॉट्सॲपवरचा दावा मात्र मला पटत नाही; सरासरी अंतर सुमारे १०७.५ पट भरते, आणि कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे ते वर्षभर बदलतच राहते. हे आईला ऐकवले, तेव्हा ती म्हणाली, “आधी गाठ मार.”