जांबुघोडा, मोहाच्या दिवसांत

बडोदा, रविवार रात्र. चैत्र.

पहाटे आत्याला घेऊन जांबुघोड्याच्या रानाकडे निघालो. आपले बडोदेकर हालोलवरून पावागडाला जातात, कालिकामातेचं दर्शन घेतात, चांपानेरची जामा मशीद बघतात आणि परततात. रान खरं सुरू होतं ते शिवराजपूर मागे पडल्यावर. तिकडे जायचं तर याच दिवसांत जावं, मोह फुललेला असताना.

पानं झडलेल्या झाडाखाली सडा पडला होता. एक फूल उचललं: फिकट पिवळं, मांसल, आत पोकळ, बोटांना चिकटणारं. त्याचा गोड, जड वास अजून हाताला आहे. राठवा आदिवासी समाजातल्या एक बाई लेकीबरोबर टोपलीत फुलं वेचत होत्या. आत्या त्यांच्याशी गुजरातीत बोलत बसली. फुलं रात्रीतून गळतात, म्हणून उजाडायच्या आत यावं लागतं. पुढे बिया धरल्या की त्यांचं, म्हणजे डोळीचं, तेल. अस्वलांची भीती नाही वाटत? तर म्हणाल्या, तीही फुलांनाच येतात, आम्ही बोलत बोलत वेचतो.

जांबुघोड्याचं हे रान अभयारण्य म्हणून १९९० साली जाहीर झालं. जेमतेम १३० चौरस किलोमीटर. एवढ्यात अस्वल, बिबट्या आणि माणसांची गावं, सगळ्यांनी भागवायचं. म्हणूनच रानातल्या झंड हनुमानाच्या देवळापाशी गाड्यांतून मोठ्यानं वाजणारी गाणी ऐकून मला राग आला. ती भव्य मूर्ती, पलीकडे भीमाचं म्हणून दाखवतात ते दगडी जातं. किती छान जागा आहे! तिथं आवाज कशाला हवा?

कडा तलावाच्या काठी डबा खाल्ला. आत्याला सांगत होतो की हा आजूबाजूचा पंचमहालचा मुलूख १८६१ पर्यंत ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा होता. मग तो इंग्रजांकडे गेला आणि १८६८ मध्ये जोरिया परमेश्वर नावाच्या माणसाच्या मागे इथले नायकडा आदिवासी त्यांच्याविरुद्ध उठले. जोरियाला फाशी झाली. गायकवाड, शिंद्यांची नावं आपल्या घरात रोज निघतात, पण इतक्या जवळच्या या माणसाचं नाव आत्यानं सत्तरीत पहिल्यांदा ऐकलं. तिला ते फार लागलं. परतीच्या वाटेवर ती पुनःपुन्हा विचारत होती, त्याच्या बायकामुलांचं काय झालं?

मला सांगता आलं नाही. सेंट्रल लायब्ररीत पंचमहालचं जुनं गॅझेटियर असेल तर उद्या संध्याकाळी बघून येतो.