साठ मशीनवर थंडरबर्ड बसवताना

वागळे इस्टेट किंवा महापेतल्या मध्यम कंपनीत पन्नास-साठ संगणक असतात, विंडोज डोमेन (सगळे संगणक एका जागेवरून चालवायची सोय) नसतं आणि सिस्टिम बघायला माणूस एकच. थंडरबर्ड हा ईमेलचा मोफत प्रोग्रॅम बसवताना तो टेबलाटेबलाशी जाऊन मेल सर्व्हरचं नाव आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) टाकत बसतो. ही वणवण टळू शकते, तीही फुकटात.

खरं काम एका एक्सएमएल फाइलचं आहे, म्हणजे मेल सर्व्हरची माहिती ठरावीक साच्यात लिहिलेल्या मजकूर फाइलचं. नवं खातं जोडताना ईमेल पत्ता टाकला की थंडरबर्ड कंपनीच्या डोमेनआधी (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाआधी) 'ऑटोकॉन्फिग' लावतो आणि तिथल्या 'मेल' फोल्डरातली 'कॉन्फिग-व्ही१.१' फाइल मागतो. नाही मिळाली तर डोमेनचा 'वेल-नोन' फोल्डर, मग थंडरबर्डची सार्वजनिक यादी, मग एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे जातात त्याची नोंद) आणि शेवटी निव्वळ अंदाज. अंदाजापर्यंत गाडी जाऊच देऊ नका. 'ऑटोकॉन्फिग' नावाचं सबडोमेन काढा, त्याचं एसएसएल सर्टिफिकेट (सुरक्षित जोडणीचा दाखला) घ्या (हे हमखास राहतं) आणि फाइल ठेवा. आत आयमॅप (मेल सर्व्हरवर ठेवून वाचायची पद्धत) पोर्ट ९९३ एसएसएलवर, एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) पोर्ट ४६५ एसएसएल किंवा ५८७ स्टार्टटीएलएसवर (ही दोन्ही जोडणी सुरक्षित करायच्या पद्धती). युजरनेम म्हणून सर्व्हरला पूर्ण पत्ता लागतो की फक्त पुढचा भाग, हे आधी तपासा. इथे चुकलं तर पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो आणि लोक पासवर्डच बदलत बसतात.

पॉप या मेल उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीचा पर्याय फाइलमध्ये लिहूच नका. पॉपवर मेल एका मशीनवर उतरतात, सर्व्हरवरून पुसलेही जाऊ शकतात, आणि मग डिस्क गेली की वर्षांचा पत्रव्यवहार जातो.

बाकीच्या सेटिंग्ज मशीनवर जातात. थंडरबर्डच्या इन्स्टॉल फोल्डरात 'डिस्ट्रिब्युशन' फोल्डर करून त्यात 'पॉलिसीज' नावाची जेसन फाइल (ठरावीक साच्यातली मजकूर फाइल) टाकायची. अपडेट, ॲड-ऑन, सर्टिफिकेट यांचे नियम तिथे. एक स्वल्पविराम जास्त झाला तरी नियम लागू होत नाहीत, म्हणून पहिल्या मशीनवर 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधली एंटरप्राइज पॉलिसीजची ओळ बघा. प्रेफरन्स, म्हणजे थंडरबर्डच्या आतल्या बारीक सेटिंग्ज, ठरवायला सीएफजी ही वेगळी सेटिंग फाइलही वापरता येते. तिची पहिली ओळ वाचलीच जात नाही, तिथे कॉमेंट ठेवा. तिच्यात चूक राहिली तर थंडरबर्ड उघडतच नाही. 'लॉकप्रेफ' (वापरणाऱ्याला बदलता न येणारी सेटिंग) मोजक्याच गोष्टींना लावा, बाकीला 'डिफॉल्टप्रेफ' (बदलता येणारी मूळ सेटिंग) पुरे. आणि पासवर्ड या फाइलमध्ये कधीच नको, ती मशीनवरच्या कुणालाही वाचता येते.

आवृत्ती ईएसआर, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी, घ्या. दर महिन्याला बदलणारी आवृत्ती ऑफिसच्या कामाची नाही.

सगळ्यांना एकाच दिवशी थंडरबर्डवर हलवू नका. आयमॅपवर थंडरबर्ड मूळ सेटिंगनुसार सगळे मेल ऑफलाइन उतरवतो. साठ जणांचे प्रत्येकी ५ जीबी म्हणजे ३०० जीबी. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी जवळपास सात तास. दहा-दहांच्या तुकड्या करा, संध्याकाळी सुरू करा, नाहीतर ऑफलाइन डाउनलोडची प्रेफरन्स आधीच बंद ठेवा.

एक्सएमएल फाइल फक्त खातं जोडताना वाचली जाते. पुढे सर्व्हर बदलला तर जुनी खाती आपोआप बदलत नाहीत. म्हणून सर्व्हर स्वतःचा असेल तर फाइलमध्ये आपल्याच डोमेनचं नाव द्या, मग बदल डीएनएसमध्येच (नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदीत) होतो. होस्टिंगवाल्याचा असेल तर त्याचं सर्टिफिकेट त्याच्या नावाचं असतं, तिथे त्याचंच नाव लिहावं लागतं. आउटलुक (मायक्रोसॉफ्टचा ईमेल प्रोग्रॅम) ही फाइल बघत नाही. तो 'ऑटोडिस्कव्हर' ही स्वतःची सोय शोधतो, त्याची वेगळी सोय करावी लागते.